चुकीच्या वेगाला दहापैकी नऊ

बुधवार, ६ नोव्हेंबर १९९१. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी क्लाइव्ह ड्रमंडने नॉटिंगहॅममधल्या एका पेपरच्या दुकानात उभ्या उभ्या आपल्या पहिल्या अल्बमचे परीक्षण वाचले. दहापैकी नऊ गुण होते. नऊ वाजून चौदा मिनिटांनी त्याने ते संगीताचे साप्ताहिक घडी घालून परत मांडणीवर ठेवले, पुन्हा उचलले, पैसे दिले आणि दुकानदाराला विचारले, "यांना कोर्टात खेचता येतं का?"

दुकानदाराने मान तिरकी करून पान वाचले. "नऊ दिलेत की."

"तेच तर."

परीक्षण ज्युलियन फ्रिथ या लंडनच्या समीक्षकाने लिहिले होते. 'मेडोज सिंडिकेट' या तिघांच्या गटाचा 'नो वेटिंग' हा अल्बम म्हणजे ब्रिटिश हिप-हॉपला उशिरा सुचलेले शहाणपण आहे, असे त्याचे म्हणणे होते. 'बाकीचे सगळे अमेरिकनांच्या पुढे जायच्या नादात धापा टाकत असताना हे तिघे शांतपणे चालतात. ओल्या मातीतून पाय उपसावा तसा एकेक शब्द येतो. गाणारा गृहस्थ पन्नाशीचा असावा. निम्मे आयुष्य खाणीत काढलेल्या माणसाचाच आवाज इतका जड होतो.'

क्लाइव्ह तेवीस वर्षांचा होता. तो टपाल खात्यात पार्सले वेगळी करायचा, आणि खाण त्याने शाळेच्या सहलीतही पाहिली नव्हती. त्याच्याकडे अभिमानाची एकच गोष्ट होती: सेकंदाला नऊ अक्षरे, एकही न गिळता. त्यासाठी त्याने सात वर्षे दातात पेन्सिल धरून सराव केला होता. तो राहायचा त्या मेडोज वस्तीत त्याला 'शिलाई मशीन' म्हणत. हे तो कौतुक समजे आणि ते कौतुकच होते.

साडेदहाला तिघेही डेनिस क्विगलीच्या दुकानात जमले. डेनिस पुढच्या खोलीत रेकॉर्ड विकायचा आणि मागच्या खोलीतून रेकॉर्ड काढायचा; 'नो वेटिंग' त्यानेच काढला होता. गटाचे संगीत पाहणाऱ्या नेव्हिल प्रॉलने मांडणीवरची एक प्रत घेतली, दुकानातल्या प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली. भिंतींमधून एक म्हातारा बोलू लागला.

नेव्हिलने मिनिटभर ऐकले. "शब्द तुझेच आहेत," तो म्हणाला. "पण माणूस पन्नाशीचा आहे खरा."

मग त्याने हात पुढे करून बटण तेहेतीसवरून पंचेचाळीसवर सरकवले. म्हातारा उडी मारून क्लाइव्ह झाला.

नेमके काय घडले होते हे अकरा वाजेपर्यंत स्पष्ट झाले. मोठी तबकडी सहसा मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांनी फिरते. पण नाचाच्या ठिकाणी रेकॉर्ड लावणाऱ्यांना ढोल छातीत बसावा असा हवा असतो, म्हणून अशा गटांच्या मोठ्या तबकड्याही पंचेचाळीसवर कोरतात. बत्तीस मिनिटांचा अल्बम म्हणूनच दोन तबकड्यांवर गेला होता. छापण्याआधी कारखान्याने नमुन्याची प्रत पाठवली होती आणि तिघांनी ती ऐकून सह्याही केल्या होत्या. तबकडीच्या मधोमध नाव आणि वेग छापलेली कागदी चकती असते; नमुन्याच्या प्रतीवर ती कोरी असते. खरी चकती गॅरेथ हिबर्टने काढली होती. गॅरेथ ताल जमवायचा आणि दिवसा छापखान्यात नोकरी करायचा. वेष्टनावर रस्त्याकडेच्या, गाडी थांबवायला मनाई करणाऱ्या पिवळ्या दुहेरी रेघेवर उभे असलेले तीन जोडी बूट, आणि चकतीवर 'वाहन थांबवू नका'ची लाल-निळी गोल पाटी, एवढेच त्याने ठेवले होते.

"पंचेचाळीस कुठे गेलं?" क्लाइव्हने विचारले.

"पाटी अशी छान गोल बसली होती," गॅरेथ म्हणाला. "आकड्याने घाण दिसत होती."

"आकड्याने घाण?"

"ज्याला कळतं त्याला कळतंच की लेका. पंचेचाळीसवर लावायचं हे काय सांगायला लागतं?"

"लंडनला सांगायला लागतं."

डेनिस मध्ये पडला. "ओरडू नका. सकाळपासून फोन वाजतोय माझा. तीन आठवड्यांत साठ प्रती गेल्या होत्या, आज दीड तासात दोनशेची मागणी आलीय."

"कोणाच्या प्रतींची?" क्लाइव्ह म्हणाला. "माझ्या, का त्या म्हाताऱ्याच्या?"

दुपारी दोन वाजता त्याने डेनिसच्या फोनवरून साप्ताहिकाच्या कचेरीत फ्रिथला गाठले.

"मी क्लाइव्ह ड्रमंड. 'नो वेटिंग'चा."

"अरे वा. आवाज ओळखला नाही मी."

"कसा ओळखाल? ऐकलाच नाहीत तुम्ही."

"माफ करा, मी चार वेळा ऐकलाय."

"चारही वेळा चुकीचा ऐकलात. तो पंचेचाळीसवर लावायचा असतो."

पलीकडे वेष्टन उलटसुलट केल्याचा आवाज आला. "तसं कुठे लिहिलंय का?"

क्लाइव्हने गॅरेथकडे पाहिले. गॅरेथ खिडकीबाहेर पाहत होता. "तो मुद्दा नाहीये."

"मला वाटतं तोच मुद्दा आहे. बरं, थांबा. लावून बघतो."

फोनमधून क्लाइव्हला आपले पहिले गाणे ऐकू आले, योग्य वेगात. दहा सेकंदांनी ते बंद झाले.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत?" फ्रिथने विचारले.

"हो."

"का?"

या प्रश्नाला क्लाइव्हने जे उत्तर दिले ते सेकंदाला नऊ अक्षरांच्या वेगाने दिल्यामुळे फ्रिथला त्यातले फारसे कळले नाही. शांतपणा परत आल्यावर फ्रिथ म्हणाला की दुरुस्ती छापता येणार नाही, कारण परीक्षणात चूक नाही. जे ऐकले त्याचे वर्णन अचूक आहे. "तुम्ही वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहा ना," तो सौजन्याने म्हणाला. "ते सदर सगळ्यांना खुलं आहे."

क्लाइव्हने चार पानी पत्र लिहिले. पहिल्या पानावर वेगाचे गणित होते. दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर, अमेरिकेहून काहीही आले की डोक्यावर घेणारे आणि घरच्या पोरांना म्हातारे होईपर्यंत न ऐकणारे समीक्षक होते. चौथ्या पानावर त्याने आपल्या जन्माचा दाखला उतरवून काढला होता. २० नोव्हेंबरच्या अंकात यातल्या सात ओळी छापून आल्या. त्यांतून एवढेच निघत होते की नॉटिंगहॅमच्या सी. ड्रमंड यांच्याकडे हा अल्बम फार वेगात वाजतो. खाली संपादकांची टीप होती: 'काही प्रती सदोष असल्याचे दिसते. ग्राहकांनी त्या दुकानातून बदलून घ्याव्यात.' ही टीप कोणी लिहिली हे विचारले असता कचेरीने सांगितले नाही.

पुढच्या शनिवारपर्यंत डेनिसकडे एकेचाळीस प्रती परत आल्या. बहुतेकांसोबत चिठ्ठी होती. डर्बीच्या एका ग्राहकाने लिहिले होते, 'माझी प्रत चांगली होती. पण पत्र वाचून पंचेचाळीसवर लावून पाहिली आणि खरोखरच बिघडलेली निघाली.' डेनिसने प्रत्येकाला शेजारच्या गठ्ठ्यातली दुसरी, तंतोतंत तशीच प्रत पाठवली. डर्बीच्या ग्राहकाचे आभाराचे कार्ड आले. आता सगळे ठीक होते.

"नवीन प्रती छापायला टाकतोयस ना?" क्लाइव्हने विचारले. "त्यावर पंचेचाळीस घाल. मोठ्या अक्षरात."

"घालतो की," डेनिस म्हणाला. "आणि त्या सगळ्या परत आल्या की तुझ्या खोलीत ठेवतो."

"म्हणजे खोटंच विकत राहायचं."

"खोटं काय त्यात? गाणी तुझी, आवाज तुझा, बटण त्यांचं."

तोवर प्रकरण रेडिओवर गेले होते. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता एका निवेदिकेने तिसरे गाणे लावले, अर्थात तेहेतीसवर. क्लाइव्हने स्टेशनला फोन केला. फोन उचलणाऱ्या बाई म्हणाल्या की गाणाऱ्या गृहस्थांचे वय पाहता हा फोन चेष्टेचा दिसतो, आणि म्हाताऱ्या माणसाची अशी थट्टा बरी नव्हे.

रिसीव्हर खाली ठेवताच फोन वाजला. आई होती.

"रेडिओवर होतास तू," एस्मी ड्रमंड म्हणाल्या. "अगदी तुझ्या मोठ्या काकांसारखा."

"आई, ते चुकीच्या वेगात—"

"मला पहिल्यांदा कळलं रे सगळं. शब्द न् शब्द. इतकी वर्षं वाटायचं, हा पोरगा पोस्टातले पत्ते वाचून दाखवतोय."

क्लाइव्हचा राग जरा खाली आला. "मग आवडलं का?"

"पहिली दोन कडवी आवडली. तिसऱ्यात तू म्हणालास, बैठकीतला शोभेचा काचेचा मासा तू फोडलास."

क्लाइव्हने रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला.

"नऊ वर्षं, क्लाइव्ह. नऊ वर्षं, त्यानेच फोडला समजून, मी तुझ्या डोरेथा मावशीच्या पोराला नाताळला बोलावलं नाही. चर्चमध्ये त्याच्याकडे बघत नव्हते मी."

"मग या वर्षी बोलाव त्याला."

"बोलावलंय. तू येऊ नकोस."

नऊ वर्षांपूर्वी असती तर ही शिक्षा न्याय्य ठरली असती, असे क्लाइव्हने नंतर नेव्हिलला सांगितले. पण आपण कबुली दिली ती मुळात कोणाला कळू नये अशा वेगात दिली होती, आणि ती परवानगीवाचून हळू केली गेली. हा विश्वासघात होता, आणि त्याला फ्रिथ जबाबदार होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साप्ताहिकाने वर्षातल्या उत्तम अल्बमांची यादी छापली. 'नो वेटिंग' सहावा होता. यादीतल्या काही गटांना लंडनमध्ये रविवारी, १५ तारखेला दुपारच्या कार्यक्रमाचे बोलावणे आले. मेडोज सिंडिकेटची वेळ साडेचार. सगळी दोनशे साठ तिकिटे चार दिवसांत संपली.

तालमीत नेव्हिलने विषय काढला. "निदान एक गाणं हळू म्हण. शेवटचं. लोक त्यासाठीच येणारेत."

"लोक माझ्या नावावर दुसऱ्याच कोणाला ऐकायला येतायत."

"तो दुसरा पण तूच आहेस ना."

"मग त्याला पाठव. मी नाही येत."

"क्लाइव्ह, नाटक नको करूस गड्या."

"एवढं सांग मला. त्या दोनशे साठ माणसांपैकी एकाने तरी मला ऐकलंय का? एकाने? मला फक्त अर्धा तास पाहिजे. नाही आवडलं तर तोंडावर सांगू देत. पण आधी मला ऐकू देत."

यावर गॅरेथ म्हणाला की हे रास्त आहे. या प्रकरणात गॅरेथचे मत कोणी विचारत नसे, पण मुद्दा पटला आणि तसेच ठरले.

रविवारी दुपारी तीन वाजता तिघे सभागृहात पोहोचले. आधीच्या गटाची गाडी कॉव्हेंट्रीहून येताना हमरस्त्यावर बंद पडली होती. आयोजक फिओना लाइल हातात वेळापत्रक घेऊन आली. "ते काही येत नाहीत आता. तुम्ही त्यांच्या वेळेला, पावणेचारलाच चढाल का? सभागृह भरलंय, लोक ताटकळलेत."

क्लाइव्ह म्हणाला, "आम्ही थांबत नाहीच."

पावणेचारला तो नावगाव न सांगता माईकसमोर उभा राहिला आणि बत्तीस मिनिटे योग्य वेगात बोलला. एक अक्षर गळले नाही. दुसऱ्या गाण्यानंतर पुढच्या रांगा माना हलवू लागल्या. पाचव्या गाण्यात त्याने सेकंदाला नऊवरून दहावर उडी घेतली. नेव्हिलच्या मते, सात वर्षांत तो इतका चांगला कधी म्हणाला नव्हता. शेवटी टाळ्या झाल्या, चांगल्या झाल्या. पुढच्या रांगेतला एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "पोरगं तयारीचं आहे." हे नेव्हिलने स्वतः ऐकले.

चार वाजून सतरा मिनिटांनी तिघे मागच्या खोलीत आले. क्लाइव्हने टॉवेलने मान पुसली. "ऐकलं त्यांनी," तो म्हणाला. "काही नाही, फक्त ऐकवायला पाहिजे होतं."

तो आनंदात होता. ही स्थिती आठ मिनिटे टिकली.

चार पंचवीसला फिओना दारात आली. "सुरेख झालं. खरंच. फक्त एक अडचण आहे. लोक जागचे हलत नाहीयेत."

"का हलतील? अजून हवं असेल."

"हो, तेच." तिने वेळापत्रकाची गुंडाळी केली, पुन्हा उलगडली. "ते विचारतायत, मेडोज सिंडिकेट कधी येणार."

क्लाइव्हने टॉवेल खाली ठेवला.

"मी सांगितलं त्यांना," फिओना म्हणाली. "आत्ता झाले तेच, असं सांगितलं. ते हसले. वेळापत्रकात साडेचार आहे, म्हणाले, आणि गाणारे गृहस्थ पन्नाशीचे आहेत."

"फ्रिथ आहे ना बाहेर?" क्लाइव्हने विचारले. "तो माझ्याशी फोनवर बोललाय. त्याला विचार. तो सांगेल."

"त्यालाच विचारलं आधी." तिने वेळापत्रक पुन्हा गुंडाळले. "तो म्हणाला, कॉव्हेंट्रीची पोरं बरी होती, पण फार घाईत वाटली."

नेव्हिल खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला. "ऐक माझं. रेकॉर्ड तेहेतीसवर लावतो, तू जरा घसा खाली घे. एकच गाणं."

"मी काय सांगितलं होतं तालमीत?"

"अर्धा तास मागितला होतास. मिळाला."

"मला मिळाला का?" क्लाइव्ह म्हणाला. "का त्या कॉव्हेंट्रीवाल्यांना मिळाला?"

बाहेर पाय आपटायला सुरुवात झाली होती, एका तालात आणि अगदी संथ.

चार वाजून पन्नास मिनिटांपर्यंतची माहिती अशी: सभागृहातले दोनशे साठ जण जागेवरच आहेत. ज्युलियन फ्रिथने वहीचे नवे पान उघडले आहे. मंचावरचा दिवा लागलेला आहे आणि नेव्हिलने तबकडीवर सुई टेकवली नसली तरी ती हातात धरली आहे. क्लाइव्ह ड्रमंड मागच्या खोलीत बसून आहे. कोटाची एक बाही त्याने घातली आहे, दुसरी अजून घातलेली नाही.