हिच्या पोटात काही राहत नाही

सान्मा हा मासा लांब असतो.

कुंभाराच्या घरात धड ताट नसतं.

धूप हुंगायचा नसतो, ऐकायचा असतो.

बिनझिलईची माती एकदा ऐकलेलं विसरत नाही.

या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तोमेजिरोला रविवारी सकाळी कळलं. तोवर इरुमाबाई चार शिष्यांसह त्याच्या बैठकीत गुडघे मोडून बसल्या होत्या.

धुपाच्या बाबतीत जपानातल्या अख्ख्या बिझेन गावात बाईंचा शब्द शेवटचा. शरदातल्या धूप-बैठकीसाठी त्या थाळी निवडायला आल्या होत्या. तोमेजिरोच्या घरात तीन पिढ्या माशाच्या नि लोणच्याच्या थाळ्या झाल्या. दोन वर्षांपूर्वी त्याने जाहीर केलं, "यापुढे फक्त धुपाच्या थाळ्या. खरकट्याला आपली माती नाही." तेव्हापासून एकही थाळी खपली नव्हती. आज बाईंनी मान डोलावली तर नाव होणार होतं, नाहीतर पुन्हा मासे.

तो निखारा आणायला स्वयंपाकघरात गेला.

"अहो," त्याची बायको हात्सुए विस्तव फुलवत म्हणाली, "मांडणीतली ती लांब थाळी आज काढणार नाही ना?"

"तीच तर बाईंपुढे ठेवलीय. का गं?"

"काही नाही. धुतलीय मी चांगली."

"धुतलीस? कशाला?"

"मग काय, खरकटी ठेवू? काल सान्मा वाढला नव्हता का तुम्हाला? घरातली ताटं तुम्हीच जत्रेत विकून टाकलीत. आता एवढा लांब मासा काय तळहातावर वाढू?"

"मी... त्या थाळीत जेवलो?"

"मुळ्याचा कीससुद्धा बोटाने पुसून खाल्लात."

"मग सांगायचं नाही?"

"मला वाटलं, स्वतःची कला ओळखता येत असेल."

तो बैठकीत धावला. उशीर झाला होता. बाईंनी स्वतःच्या हाताने थाळीवर राखेचा सुबक डोंगर रचला होता, आणि बाईंनी रचलेली राख हलवायची कोणाची छाती नव्हती. चिमट्याने त्याने निखारा ठेवला. वर चंदनाचा तुकडा. थाळी हळूहळू तापली, आणि मातीच्या पोटातून काहीतरी उठून चंदनाला कोपराने बाजूला सारत पुढे आलं.

पहिल्या शिष्येने डोळे मिटले. दचकली. मग सावरून म्हणाली, "दूरचा किनारा ऐकू येतो."

"किनाऱ्यावर संध्याकाळ," दुसरी मागे कशी राहणार?

"परतणारी होडी," तिसरी.

चौथे शिष्य बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी बराच वेळ ऐकलं. "होडीत कोणीतरी आहे," ते म्हणाले, "पण बोलत नाही."

शेजाऱ्यांचं मांजर आत आलं आणि रिकाम्या आसनावर रांगेत बसलं.

बाईंनी थाळी हातात घेतली.

"सान्मा," बाई म्हणाल्या.

बैठकीत कोणी हललं नाही. मांजरसुद्धा.

"कोळशावर नाही, गॅसवर भाजलाय. सोबत मुळा. जरा तिखटच होता."

"त्यांच्या बहिणीकडचा," स्वयंपाकघरातून आवाज आला.

तोमेजिरोने कपाळ चटईला टेकवलं ते वर उचललंच नाही.

"धुपाला ही चालायची नाही," बाई त्याच्या डोक्याशी बोलल्या. "हिच्या पोटात काही राहत नाही."

"हो, बाई."

"माझ्या घरी मात्र अशा पाच पाठवा. माशासाठी."

"बाई, मी माशाच्या थाळ्या आता—"

"पाठवतील, पाठवतील," हात्सुए दारात येऊन म्हणाली.

"शेपूट बाहेर लोंबत नाही ना?" बाईंनी तिला विचारलं. "माझ्याकडच्या सगळ्यांत लोंबते."

"डोक्यासकट मावतो, बाई. थाळी मोजून केल्यासारखी."

ती थाळी तोमेजिरोने आजोबांच्या लाकडी साच्यावर थापली होती, आणि आजोबांनी तो साचा सान्मा मोजूनच कोरला होता.