हॉलिसच्या शर्टाचं शेपूट

"या शर्टाचं शेपूट कापून आलास ना हॉलिस, तर पुढचा आठवडा पिकअपमध्ये झोपायचं," व्हेल्डाने दारातच सांगून टाकलं.

हॉलिस टॅकेटने मान डोलावली. लाल-काळ्या चौकड्यांचा तो लोकरी शर्ट व्हेल्डाने चार महिने खपून स्वतःच्या हाताने शिवला होता. तिचा राग समजण्यासारखा होता. हरणावर गोळी झाडली आणि नेम चुकला, की त्या माणसाच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे पँटमध्ये खोचायचा मागचा तुकडा, सगळ्यांसमोर कापायचा आणि नाव-साल लिहून फळीला ठोकायचा, हा तिच्या माहेरच्या शिकारी तळाचा पिढीजात कायदा. डॉयल, म्हणजे व्हेल्डाचा धाकटा भाऊ, ती फळी दरवर्षी न चुकता गाडीत घालून आणायचा. फळीवर हॉलिसच्या नावाची अकरा शेपटं होती. अकरा वर्षांत अकरा शर्ट गेले आणि हरीण एकही आलं नाही. डॉयलच्या नावाचं मात्र त्या फळीवर सूतसुद्धा नव्हतं, आणि ही गोष्ट तो जेवताना मीठ मागावं इतक्या सहजपणे दर तासाला सांगायचा.

शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायचा होता. शुक्रवारी दुपारी कूपर्स फोर्कच्या सरकारी जंगलात त्यांचा तंबू पडला. शनिवार ते मंगळवार, चार दिवसांचा मुक्काम. सासरे थर्मन, वय एक्याऐंशी, तळाचे न्यायाधीश. त्यांनी खुर्चीत बसल्याबसल्या जावयाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शर्ट झकास आहे रे."

"व्हेल्डाने शिवलाय, पापा."

"कापड जाड दिसतंय," डॉयल म्हणाला. "मी कात्रीला धार लावून आणलीय."

त्या रात्री हॉलिसला एक साधा हिशेब सुचला. नेम चुकला तर शेपूट जातं. गोळी झाडलीच नाही, तर नेम चुकणार कसा? पण स्वतःच्या हातांवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. शिंगं दिसली की त्याचं बोट त्याला न विचारता चाप ओढायचं. म्हणून पहाटे निघताना त्याने सगळी काडतुसं गुपचूप आपल्या पिशवीत, मोज्यांच्या खाली कोंबली. अंधारात हाताला एक मऊ पुडकं लागलं. बायकोने रुमाल दिले असतील, असं समजून त्याने ते तसंच राहू दिलं.

रिकामी रायफल खांद्याला लावून, शिकाऱ्यांना सक्तीचं असलेलं नारिंगी जाकीट घालून तो ओढ्यापलीकडच्या आपल्या ओकच्या झाडाकडे गेला. तर त्या झाडाखाली आधीच तिघं बसलेले.

"झाड आमचं आहे हं," त्यातला एक म्हणाला. "रात्री तीनपासून बसलोय."

"बसा, बसा," हॉलिस म्हणाला. सरकारी रान, जो आधी येईल त्याचं. पुढच्या झाडाखाली आणखी दोघं होते, त्यापुढच्या खाली एक बाई घोरत होती. जंगलात हरणांपेक्षा नारिंगी टोप्या जास्त झाल्या होत्या. शेवटी तो वळसा घालून जंगलाला लागून असलेल्या उद्यानाच्या बंदी भागात, बोटी पाण्यात उतरवायच्या धक्क्यापाशी आला. तिथे बाकडी होती, टेबलं होती, आणि "येथे शिकारीस मनाई" अशी भली मोठी पाटी होती. बिनगोळीच्या शिकाऱ्याला याहून सोयीची जागा कुठली मिळणार! बसताना कमरेत मागून काहीतरी टोचलं. आता वय झालं, असं म्हणून त्याने रायफल टेबलाच्या टोकाला ठेवली, थर्मासमधली कॉफी ओतली आणि व्हेल्डाने बांधून दिलेला सफरचंदाचा केक उघडला.

सात वाजून चाळीस मिनिटांनी झुडपातून एक नर बाहेर आला. शिंगांना मोजून दहा टोकं. बंदीची पाटी त्याने बहुधा हॉलिसच्या आधी वाचलेली असावी, कारण तो सासुरवाडीला आल्यासारखा रमतगमत आला, टेबलापाशी थांबला आणि केक खाऊ लागला. हॉलिसचं बोट सवयीने वळवळलं. चाप दूर होता, म्हणून ते फोनवर पडलं आणि फोटो निघाला.

त्याच क्षणी ओढ्याकडून धाड, धाड असे दोन बार झाले. नराने शेवटचा घास आवरला आणि तो शांतपणे निघून गेला. हॉलिसने फोटो बायकोला पाठवला, खाली लिहिलं, "बघ, नाश्त्याला कोण आलंय!" आपण एवढ्या जवळून हरीण पाहिलं आणि शर्टही शाबूत राहिला, या आनंदात तो शीळ घालत तळावर परतला.

तळावर डॉयल कात्री घेऊन उभा होता.

"या, या! दोन बार, आणि हरीण कुठाय?"

"मी नाही झाडले."

"ओढ्यापलीकडून आले की! ओढ्यापलीकडे कोण बसणार होतं? पापा, कालच म्हणाला होता ना हा?"

"म्हणाला होता," थर्मन म्हणाले.

"तू ओढ्याच्या अलीकडे होतास ना? तूच झाडले असशील!" हॉलिस कळवळून म्हणाला.

"मी?" डॉयलने छातीवर हात ठेवला. "ती फळी बघ आणि मग बोल."

हॉलिसने आपली रायफल सासऱ्यांच्या नाकाशी धरली. "नळीचा वास घ्या पापा. बार केला असता तर दारूचा वास आला असता."

थर्मननी मनापासून हुंगलं. "मला सत्त्याऐंशी सालापासून कसलाच वास येत नाही रे पोरा. पण फळीचा आधार घ्यायचा तर अकरा विरुद्ध शून्य."

डॉयलने शर्ट मागून पँटमधून उपसला. हॉलिसच्या डोळ्यांपुढे पिकअपची मागची सीट उभी राहिली आणि त्याचा धीर सुटला.

"थांबा! पुरावा आहे!" त्याने फोन काढला. "बार झाले तेव्हा मी हा फोटो काढत होतो. वेळ बघा. सात चाळीस. दोन्ही हात फोनला होते."

थर्मननी चष्मा पुसला, फोटो पाहिला, मग मुलाकडे पाहिलं. "डॉयल, जाकिटाचे खिसे उलटे कर."

डाव्या खिशातून दोन रिकामी काडतुसं खाली पडली. डॉयल चुलीवरच्या पातेल्याकडे असं टक लावून पाहू लागला, जणू त्यातला चिलीचा रस्सा आता बुडाला लागणारच. थर्मननी त्याच्या हातातून कात्री घेतली आणि त्याच्या शर्टाचं शेपूट एका दमात कापलं. हॉलिसला इतका आनंद अकरा वर्षांत झाला नव्हता. पण न्यायाधीश अजून उठले नव्हते.

"आता तू. दहा टोकांचा नर पाच पावलांवर होता, आणि तू त्याचा फोटो काढलास?"

"बंदीचा भाग होता, पापा. कायदा आहे."

"शाबास. पण बंदीच्या भागात शिकारीला बसलास कशाला? आणि फोटोत टेबलावरच्या रायफलचा गोळी भरायचा खटका उघडा का दिसतोय?"

हॉलिसला खोटं कधीच जमलं नव्हतं. "गोळ्या नव्हत्या," तो पुटपुटला. "मोज्यांखाली ठेवल्यात. शर्टासाठी."

 डॉयल असा हसला की झाडावरचे कावळे उडाले. थर्मनसुद्धा डोळे पुसत होते.

"पन्नास वर्षांत नेम चुकलेले पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "पण बिनगोळीचा येऊन हरणाला केक वाढणारा तूच. शेपूट कापलंच पाहिजे. मागे वळ."

कात्री कापडाला लागली आणि हॉलिसचा फोन वाजला. व्हेल्डा! थर्मननी फोन स्वतः उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"हॉलिस, तो माझा केक आहे! त्या जनावराला माझा केक घातलास?"

"पोरी, मी बोलतोय. तुझ्या नवऱ्याचं शेपूट कापतोय."

हॉलिसने डोळे मिटले.

"कात्री लावू नका पापा," व्हेल्डा म्हणाली. "नुसतं ओढा."

थर्मननी ओढलं. टिच, टिच, टिच, टिच असा आवाज झाला आणि अख्खं शेपूट त्यांच्या हातात आलं. वरच्या कडेला टिचबटणं होती, नीट ओळीने लावलेली. सकाळपासून कमरेत टोचत होतं ते वय नव्हतं तर!

"पिशवीत मोज्यांखाली पुडकं आहे," फोनवरून आवाज आला. "त्यात अजून तीन आहेत."

"चार दिवसांची चार?" हॉलिस ओरडला. "मग पिकअपची धमकी कशाला दिलीस?"

"धमकी नसती, तर पहिल्याच सकाळी चारही उडवून बसला असतास. एकतीस वर्षं संसार केलाय तुझ्याशी. आता काडतुसं भर आणि सुखाने चुकव."

आणि हॉलिस सुखाने चुकवू लागला. रविवारी त्याने एका सहा टोकांच्या नरावर बार केला आणि एक फांदी तोडली. सोमवारी त्याला फांदीही मिळाली नाही. दोन्ही दिवशी तो गाणं म्हणत तळावर आला आणि कुणी काही बोलायच्या आत पाठमोरा होऊन टिचटिच करत स्वतःच शेपूट काढून देऊ लागला. कात्रीला काम उरलं नाही, म्हणून डॉयल चिडला. शिवाय फळीवर आता त्याचंही नाव होतं, आणि थर्मन येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून तेवढंच दाखवत होते.

मंगळवारी संध्याकाळी पिकअप दारात थांबली. व्हेल्डाने आधी गाडीत हरीण आहे का पाहिलं. नव्हतं. मग तिने नवऱ्याला खांद्याला धरून मागे वळवलं. शर्ट कमरेशी सरळ संपत होता. टिचबटणांची रिकामी ओळ तेवढी राहिली होती.

"चारही?"

"चारही," हॉलिस म्हणाला.

व्हेल्डाने समाधानाने त्याच्या पाठीवर थोपटलं. "चला," ती म्हणाली, "या घरात एकाचा तरी नेम बरोबर लागतो."