कानाचा परवाना

मंत्र्यांनी आपलं सगळं म्हणणं मान्य केलं, ही बातमी कानवाल्या बाईंनी घरात पाऊल टाकताच नवऱ्याला सांगितली, तेव्हा तो भाजी चिरत होता. त्याने सुरी खाली ठेवली.

"सगळं?"

"सगळं. एकदासुद्धा नाही म्हणाले नाहीत."

"मग काहीतरी गडबड आहे," असं म्हणून त्याने पुन्हा सुरी उचलली.

बाईंना त्याचा राग आला. सुखाच्या बातमीत खडा टाकायची त्याला खोडच होती. आणि ही बातमी काही साधी नव्हती. बाई श्रवणतज्ज्ञ होत्या. कानाची तपासणी करायची, कुणाला किती ऐकू येतं ते मोजायचं, आणि लागलं तर मशीन बसवून ते त्या कानाला जुळवून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी त्या रीतसर शिकल्या होत्या. पण हे काम करायला परवाना लागतो असा कायदाच नव्हता. त्यामुळे चष्म्याच्या दुकानात, मोबाइलच्या दुकानात, एके ठिकाणी तर चपलांच्या दुकानातही कानाची मशीनं विकायला ठेवलेली असत. बाईंच्या ओळखीच्या एका शिंप्याला असंच एक मशीन कुणीतरी आवाज पुरता चढवून दिलं, आणि त्याचा उरलासुरला कानही गेला. तेव्हापासून बाईंनी कंबर कसली. गावोगावच्या श्रवणतज्ज्ञांची संघटना काढली. अध्यक्ष त्याच झाल्या, कारण निवड चालू असताना त्या चहा सांगायला बाहेर गेल्या होत्या. पुढे काही वर्षं त्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, आणि शेवटी मंत्र्यांची भेट मिळाली.

भेट खरोखरच दृष्ट लागण्यासारखी झाली होती. बाईंनी निवेदन टेबलावर ठेवलं. मंत्र्यांनी त्यावर आपला चष्मा ठेवला आणि मान हलवत सगळं तोंडीच ऐकून घेतलं. कानाच्या कामाला परवाना हवा, बाई म्हणाल्या. आत फार नाजूक असतं, अडाणी माणसाने हात घातला तर कायमचं नुकसान होतं. मंत्र्यांनी गंभीरपणे विचारलं, "मजुरांची काय व्यवस्था?" बाईंना प्रश्न जरा आडवा वाटला, पण कारखान्यातल्या गोंगाटाने मजुरांचे कान जातात, हे यांना ठाऊक आहे म्हणून त्यांना भरूनच आलं. निघताना मंत्र्यांनी सचिवाला हाक मारून सांगितलं, "बाईंचं काम तातडीने करा."

काम तातडीने झालं. पुढच्याच आठवड्यात बाईंच्या दवाखान्यात एक अधिकारी आला. त्याच्या हातात मोजपट्टी होती. त्याने आधी खिडकीतून खाली पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"खाण इथंच का?" त्याने विचारलं.

"कान," बाई म्हणाल्या. "हो, इथंच तपासतो."

"नाही, पहिल्या मजल्यावर आहे म्हणून विचारलं. खाण आपली साधारण खालच्या बाजूला असते."

त्याने पुढे केलेला आदेश बाईंनी वाचला. सरकारने त्यांना दगडखाणीचा परवाना दिला होता. त्यांनी अधिकाऱ्याला परोपरीने समजावलं. त्याला ते पटलंही. पण मंत्रीसाहेबांनी दिलेला परवाना मंत्रीसाहेबच परत घेऊ शकतात, तोवर आपल्याला जागा मोजावीच लागेल, असं म्हणून त्याने दवाखान्याच्या दोन्ही खोल्या, जिना आणि न्हाणीघर मोजलं.

दवाखान्याचा घरमालक खालच्या मजल्यावर राहत असे. मोजपट्टी त्याच्या दारावरून गेली आणि त्याच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. संध्याकाळी तो वर आला. एवढी वर्षं भाड्याने राहून तुम्ही कधी बोलला नाहीत, असा त्याने ठपका ठेवला. बाईंनी खुलासा केला. तो जितका खुलासा ऐकत गेला, तितकी त्याची खात्री पटत गेली, कारण लपवण्यासारखं काही नसतं तर माणूस इतकं कशाला समजावेल?

"हे बघा बाई," तो शेवटी म्हणाला, "वरच्या खोल्या तुमच्याकडे भाड्याने आहेत. खाली जे निघेल ते माझं."

दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या अंगणात खणायला माणसं लावली. दुपारपर्यंत फक्त माती निघाली. दुपारनंतर पाणी निघालं. गल्लीचा मुख्य नळ फुटला होता. अख्ख्या गल्लीचं पाणी बंद झालं. ज्याला त्याला घरमालक एकच उत्तर देत होता की परवाना वरच्या बाईंच्या नावाचा आहे. बायामाणसं रिकाम्या बादल्या घेऊन बाईंच्या जिन्यात बसली. ज्यांना एरवी तिसऱ्यांदा बोलावलं तरी ऐकू येत नसे, असे बाईंचे म्हातारे पेशंटसुद्धा त्या दिवशी शिव्या ऐकून परत गेले.

बाई तडक मंत्र्यांकडे गेल्या. या वेळी त्यांनी आवाज चढवला.

"साहेब, मला खाण नको. कान!"

मंत्री विचारात पडले. "लहान नको?" ते म्हणाले. "बरं, मोठी घ्या."

बाई थबकल्या. आता त्यांना दिसलं, जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. मंत्र्यांची नजर त्यांच्या ओठांवर खिळली होती. मान समोरच्याचं बोलणं संपायच्या आतच हलत होती. खोलीतला फोन वाजला तर सचिव दचकला, मंत्री नाही. आणि कान काय, खाण काय, ओठांवर दोन्ही सारखंच दिसतं, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. बहिरी माणसं ओळखण्यात जन्म गेला, आणि 'हो' ऐकायच्या आनंदात समोरचा बहिरा कळला नाही. त्यांनी मनातल्या मनात स्वतःला एक चापट मारली.

पण मंत्र्याला त्याच्याच कचेरीत बहिरा कोण म्हणणार? बाई गुपचूप बाहेर पडल्या आणि बंगल्यावर जाऊन मंत्रीणबाईंना भेटल्या. मंत्रीणबाईंचा आवाज पार बसलेला होता. नवऱ्याशी बोलून बोलून आवाजाची ही दशा झाली होती. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तपासायला चला म्हटलं, तर हे म्हणतात तूच हळू बोलतेस. पण खाण बघायला चला म्हटलं, तर येतील."

आणि मंत्री खाण बघायला आले. बाईंनी त्यांना तपासणीच्या आवाजबंद खोलीत बसवलं. खाण फारच अरुंद आहे, असं ते म्हणाले. तेवढ्यात बाईंनी त्यांच्या कानांवर तपासणीचे हेडफोन चढवले, आणि मंत्रीणबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. तपासणी झाली, मशीन जुळवून झालं. बाईंनी मंत्र्यांना बाहेरच्या खोलीत आणून ते हळूच त्यांच्या कानात बसवलं.

मंत्र्यांनी वर पाहिलं. पंखा करकरत होता. खाली घरमालक कुणाशी तरी भांडत होता.

"ऐकू येतंय का?" मंत्रीणबाईंनी अगदी सहज विचारलं.

मंत्री त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुझा आवाज बदललाय," ते म्हणाले.

"बदलेल नाही तर काय."

बाईंनी वेळ साधली. खाण बाजूला ठेवून त्यांनी कानाच्या परवान्याचं सगळं म्हणणं शांतपणे, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मंत्र्यांनी पहिल्यांदाच ते पूर्ण ऐकलं. मग त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणाला नकार दिला.

"हे जमायचं नाही," ते म्हणाले. "दुकानदारांची संघटना फार मोठी आहे. ते सगळे ओरडतील."

एवढ्या वर्षांची खटपट, फुटलेला नळ, गल्लीच्या शिव्या, आणि हाती आलं ते स्वच्छ ऐकू आलेलं 'नाही'.

तेव्हा मंत्रीणबाई दारापासून पुढे आल्या.

"मी तुमच्यासाठी एकदा चष्म्याच्या दुकानातून मशीन आणलं होतं," त्या म्हणाल्या. "ते शिट्ट्या मारायचं. तुम्ही खिडकीतून फेकलं आणि पुन्हा मशीनचं नाव काढू दिलं नाही. तेव्हापासून मी या घरात ओरडतेय. मुलीचं लग्न ठरलं ते तुम्हाला पाटीवर लिहून दाखवलं. हे त्या दुकानदारामुळे. तेव्हा ओरडू देत त्यांना. ऐकलंत का?"

ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय उरली नव्हती. मंत्र्यांचा हात हळूच कानाकडे गेला.

"सवय होईपर्यंत मशीन काढायचं नाही, साहेब," बाई म्हणाल्या.

हात खाली आला. मंत्रीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि साठलेलं एकेक बोलायला सुरुवात केली. कायदा पुढच्याच अधिवेशनात आला.