जिनिंगच्या कोपऱ्यावरची बत्ती

संध्याकाळी सातच्या सुमाराला, गल्लीत घरोघरी भाकरी थापल्या जात असताना, खिल्लारे काका दारात उभे राहून दात घासत. खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. दुकानाकडे निघालेला मी दिसलो की फेसाळल्या तोंडानं म्हणत, "गुड मॉर्निंग, मेडिकल. गुड मॉर्निंग, मेडिकल."

मेडिकल म्हणजे मी. वसमतच्या बस स्टँडसमोर माझं औषधाचं दुकान आहे आणि माणसाला त्याच्या धंद्याच्या नावानं हाक मारणं हा आमच्याकडचा शिष्टाचार आहे. दोनदा हाक का, तर काका एसटीत कंट्रोलर होते. उभी नोकरी त्यांनी रातपाळीत माइकपुढे काढली. बाळापूरची गाडी फलाटावर लागली की दोनदा सांगायचं, सुटली की दोनदा सांगायचं. निवृत्त झाल्यावर माइक गेला, पण दोनदा बोलायची आणि दिवसा झोपायची सवय राहिली.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगोली अजून जिल्हा व्हायचा होता. निवृत्त माणसं तेव्हा सकाळी फिरायला जात, पेपर वाचत, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवत. काकांना सून नव्हती आणि सकाळी ते घोरत असत. म्हणून त्यांनी वसमतची रात्र चालवायला घेतली. त्यांना ती कोणी दिलेली नव्हती.

"गाव रातीला झोपतं म्हून कोन सांगितलं?" ते विचारत. "मोंढ्यात हळदवाले जागे, टरकवाले जागे, दवाखान्यात बाळंतीण जागी. मंग च्यावाल्यानंच काहून झोपावं?"

चहावाला, पानवाला, पंक्चरवाला, भजीवाली शेवंताबाई आणि आमलेटची गाडी लावणारे इस्माईलभाई, या सगळ्यांना काकांनी नियम घालून दिले. पिऊन आलेल्याला हाकलायचं नाही. लिंबूसोडा पाजून रिक्षात घालायचं आणि रिक्षावाल्यानं त्याला उंबऱ्याच्या आत सोडायचं, बाहेर नाही. एकट्या बाईमाणसानं गाडीची वाट शेवंताबाईच्या बाकावर बघायची. त्या बाकावर पुरुषानं टेकायचंसुद्धा नाही. एकदा एक पुढारी टेकले, तर शेवंताबाईनं तळणीतला झारा तसाच वर उचलला. पुढारी उभ्यानंच भजी खाऊन गेले, वर चांगली झालीत म्हणाले.

सगळ्यात मोठा नियम म्हणजे बत्तीतून बत्ती दिसली पाहिजे. हातगाड्यांनी स्टँडपाशी गर्दी करायची नाही, तिथून सरकारी दवाखान्यापर्यंत रस्ताभर पसरायचं. एका गाडीपाशी उभं राहिलं की पुढच्या गाडीची बत्ती नजरेला पडली पाहिजे. वीज जायचीच, म्हणून प्रत्येकाकडे गॅसबत्ती सक्तीची. सुरुवातीला सगळ्यांनी काकांना वेड्यात काढलं. मग बायामाणसं डबे घेऊन रात्रीची दवाखान्यात चालत जाऊ लागली, मोंढ्याच्या बाजारात माल घेऊन आलेले शेतकरी पाय मोकळे करायला येऊ लागले, आणि धंदा असा वाढला की पानवाल्यानं आरसा बसवला. मलाही बारापर्यंत दुकान उघडं ठेवावं लागे. खुशीनं नव्हे. मला झोप फार प्रिय आहे, पण काका रोज येऊन माझ्या शटरकडे असं बघत की ते ओढायला हात धजत नसे.

एक गोष्ट मात्र कोणालाच पटत नव्हती. दवाखान्याकडच्या वळणावर बंद पडलेली कापसाची जिनिंग फॅक्टरी होती. तिथं लांबलचक भिंत, उघडी नाली आणि कुत्री, बाकी काही नाही. नेमकी तिथं काकांनी इस्माईलभाईंना उभं केलं होतं. तिथं थांबून आमलेट खाणारे एकटे काकाच. रोज रात्री ते तिथल्या बाकावर रस्त्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसत आणि काढा प्यावा तसं डबल आमलेट खात. मग एकदा इस्माईलभाई तव्यावर उलथनं वाजवत. ते वाजलं की काका उरलेलं आमलेट तसंच टाकून उठत आणि पित्ताची गोळी घ्यायला माझ्याकडे येत.

"अंडं पचत नाही, तर खाता कशाला?" मी विचारी.

"धंदा टिकला पाहिजे. धंदा टिकला पाहिजे."

काका एकटे राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक सुजाता त्याच सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिनं तांड्यावरच्या एका ट्रक चालवणाऱ्या पोराशी लग्न केलं, तेव्हा काकांनी लग्नाच्या दिवशी मुद्दाम दिवसपाळी लावून घेतली आणि दिवसभर माइकवर गाड्या सोडत बसले. बापलेकीचं बोलणं तेव्हापासून बंद होतं. हे गावाला ठाऊक होतं, म्हणून तो विषय कोणी काढत नसे.

मग नवा फौजदार आला. तरुण, कडक इस्त्रीचा. आल्या आल्या हुकूम काढला, रात्री दहाला सगळं बंद. काका त्याला भेटायला गेले ते रात्री दोन वाजता, त्याच्या क्वार्टरवर. फौजदार बनियनवर बाहेर आला.

"आपला हापिसचा टाइम दिवसाचा, आमचा रातीचा," काका त्याला म्हणाले. "कुठंतरी मधात भेटावं लागल ना साहेब."

त्याला बहुतेक झोपेत हसू आलं असावं, कारण त्यानं आत टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडपुढच्या गाड्यांना सूट मिळाली, प्रवाशांची सोय म्हणून. जिनिंगची गाडी मात्र दहाला बंद. आम्ही सगळे खूश झालो. शेवंताबाईनं भजी वाटली. काका भज्याला शिवले नाहीत.

"एका गाडीचं काय घेऊन बसलात?" मी म्हणालो. "इस्माईलभाईंना स्टँडवर आणू. चार गिऱ्हाईकं तरी होतील."

"तुमाला न्हाई समजायचं, मेडिकल," ते म्हणाले, आणि हे त्यांनी एकदाच म्हटलं.

त्या रात्री अकराला ते फौजदाराला घेऊन स्टँडवर आले. काय सांगून आणलं कोण जाणे. "साहेब, दवाखान्यापस्तोर नुसतं चालून दाखवा. बॅटरी लावायची न्हाई." त्यांच्यामागून मी, माझ्यामागून अर्धं स्टँड. शेवटची बत्ती मागे पडली आणि पुढे काळोख. फौजदार ताठ चालत होता. वळणावर कुत्रं गुरगुरलं, साहेब बाजूला सरकले आणि त्यांचा बूट पोटरीपर्यंतच्या पायासकट नालीत गेला.

"इस्माईल, लाव बत्ती," काका म्हणाले.

भिंतीला टेकून अंधारात बसलेल्या इस्माईलभाईंनी बत्ती पेटवली. नाली दिसली, कुत्रं दिसलं, बूट दिसला. हसायची कोणाची हिंमत झाली नाही.

"या वक्ताला इथून बायामानसं ड्युटीवरून घरी जातेत, साहेब," काका म्हणाले. त्यांचा आवाज माइकवरचा नव्हता.

इस्माईलभाईंनी साहेबांच्या पायावर पाणी ओतलं. "बैठो साब, गरम खाव," म्हणून आमलेट पुढे केलं. फौजदार एक पाय ओला घेऊन बाकावर बसला आणि निमूटपणे सगळं खाल्लं. जिनिंगची गाडी चालू राहिली. पुढे त्या कोपऱ्यावर काकांशिवाय आणखी एक गिऱ्हाईक झालं, आणि ते खाकीत येई.

आठवडाभरानं सुजाता माझ्या दुकानात आली. पांढरी साडी, खांद्याला पर्स, संध्याकाळची ड्युटी करून थकलेली. ती काउंटरपाशी उभी राहिली, पण काही मागेना.

"दादा, त्यांना पित्ताच्या गोळ्या तुमीच देता न?"

मी हो म्हणालो.

"नका देऊ. अंडे बंद करा म्हणावं. आईपासून म्हाईत आहे, त्यांना सोसत न्हाईत. आन् भिंतीकडं तोंड करून बसत नका जाऊ म्हणावं. थंडी पडून राहिली, पाठीला वारं लागतं." थोडं थांबून ती म्हणाली, "मी रोज बघत जाते. इस्माईल चाचा उलथनं वाजवतेत, ते बी ऐकते."

ती गेली. मी काउंटरवर हात ठेवून उभा राहिलो. इतकी वर्षं औषधं विकून मला या आजाराचा पत्ता नव्हता, याची लाज वाटली.

काका नेहमीप्रमाणे गोळीसाठी आले. मी गोळी दिली नाही, निरोप दिला. शब्द न् शब्द. ते काउंटरला धरून ऐकत राहिले. समोर स्टँडवर वसमत डेपोची शेवटची गाडी मागे येत होती, तिच्या आवाजात माझं शेवटचं वाक्य बुडालं असेल असं मला वाटलं. पण त्यांनी ते ऐकलं होतं. त्यांचे ओठ हलत होते.

"परत सांगा, मेडिकल," ते म्हणाले. "अनौन्समेंट दोनदा करायची असती."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.