डोलोरेसबाईंचा हरवलेला घटस्फोट

विस्कॉन्सिन राज्यातलं सर्वांत तल्लख डोकं आपल्या खांद्यावर आहे, असं वेंडेल क्लिंगबाइल स्वतःच सांगत असे. दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबण्याइतका वेळ त्याच्यापाशी नव्हता. एकतीस वर्षं त्याने दूध तपासनीस म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर तो खाजगी गुप्तहेर झाला. "झाकण न काढता नासलेलं दूध ओळखणारा माणूस मी," तो म्हणायचा, "माझ्यापुढे नासलेला माणूस काय चीज आहे?" त्याने कार्डंही छापून घेतली होती. त्यांवर मोठ्या अक्षरात 'तपास' एवढंच होतं. नाव नाही, फोन नाही. गुप्तहेराने आपलं नाव कुठल्याही कागदावर लिहू नये, हे त्याचं पहिलं तत्त्व. त्यामुळे चार वर्षांत आलेल्या त्याच्या सगळ्या केसेस एकाच गल्लीतल्या होत्या.

हे सगळं आर्नी वोल्स्कीला तोंडपाठ होतं. आर्नी म्हणजे वेंडेलच्या बहिणीचा नवरा आणि त्याचा मदतनीस. त्या जागेसाठी त्याने काही अर्ज केला नव्हता. त्याच्याकडे पिकअप ट्रक होता आणि बायकोला 'नाही' म्हणायची सवय नव्हती, एवढ्या पात्रतेवर त्याची नेमणूक झाली होती.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी ट्रकमध्ये दोघांच्या मधोमध वेंडेलच्या समोरच्या घरातल्या डोलोरेसबाई बसल्या होत्या. वय बहात्तर, मांडीवर भलीमोठी पर्स. शनिवारी त्यांचं लग्न होतं. नवरदेव हार्लन, चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला विधुर. अडचण एकच होती. लग्नाचा परवाना हवा तर आधीच्या घटस्फोटाची सही-शिक्क्याची नक्कल दाखवावी लागते, आणि डोलोरेसबाईंचा घटस्फोट एक्क्याऐंशी साली चाळीस मैलांवरच्या कोल्टर काउंटीत झाला होता. त्यांनी जानेवारीपासून टपालाने तीनदा नक्कल मागवली. मिळाली नाही, एवढंच त्या सांगत होत्या. परवाना हातात पडायला तीन दिवस लागतात, म्हणजे आज साडेचारला कोर्ट बंद व्हायच्या आत कागद मिळायलाच हवा होता. हार्लन परस्पर येऊन वरच्या मजल्यावर परवान्याच्या खिडकीपाशी थांबणार होता.

"आज नाही मिळाला तर वर जाऊन त्याला नाही म्हणून सांगायचं," बाई म्हणाल्या. "पुढे ढकलू असं नव्हे. कायमचं नाही."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की आर्नीचं वळण चुकलं. का, ते त्याला विचारवलं नाही. वेंडेलने विचारलं नाही, कारण त्याला ते आधीच माहीत होतं. त्याला सगळंच आधी माहीत असायचं. चुकीचं निघायचं ते नंतर.

कोर्टात शिरल्यावर बाईंना बाकावर बसवून आर्नी म्हणाला, की सरळ दफ्तराच्या खिडकीवर जाऊन मागू या. सार्वजनिक दफ्तर आहे, कोणीही मागावं.

वेंडेलने त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "आर्नी, जे सगळ्यांसाठी उघडं असतं तिथेच खरं लपवलेलं असतं. आणि तो अर्ज बघ. पहिल्याच ओळीत नाव विचारतात."

मग त्याने लोकांसाठी ठेवलेल्या संगणकावर बाईंचं नाव टाकलं. काहीच आलं नाही. पुरावा पुसला गेलाय, असं त्याने जाहीर केलं. संगणकाच्या वर पाटी होती, की ब्याण्णव सालाआधीचे खटले यात नाहीत. आर्नीने ती मोठ्याने वाचून दाखवली. वेंडेल म्हणाला, पाटी कोणी लावली हाच तर प्रश्न आहे. त्याचा पहिला संशय बाईंच्या पहिल्या नवऱ्यावर, लेनर्डवर होता. लेनर्ड अकरा वर्षांपूर्वी ॲरिझोनात वारला, हे आर्नीने लक्षात आणून दिलं. त्यावर वेंडेलने समाधानाने मान हलवली. मेलेल्या माणसावर कोणी संशय घेत नाही, आणि लेनर्डने नेमका त्याचाच फायदा घेतला होता.

दफ्तराच्या खिडकीत लाव्हॉन मेसनर बसत असत. चष्मा साखळीला, केस जागच्या जागी. काही मदत हवी का, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा वेंडेलने सांगितलं, की आम्ही इमारत बघायला आलोय. तिसऱ्यांदा त्यांनी जुन्या खटल्यांच्या सूचीची जाडजूड वही त्याच्यापुढे आणून ठेवली आणि इमारत बघून झाली असेल तर हीसुद्धा बघा म्हणाल्या.

वेंडेलने आधी वहीचा वास घेतला. मग पान काढलं. मँथी विरुद्ध मँथी, म्हणजे डोलोरेसबाई आणि लेनर्ड, एक्क्याऐंशी. बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात 'नक्कल दिली' असं लिहून पुढे तीन तारखा होत्या. एक फेब्रुवारीतली, एक मार्चमधली, एक एप्रिलमधली.

"सापडला," वेंडेल पुटपुटला. "तीन वेळा कोणीतरी हा खटला उकरून काढलाय. लग्नाआधी बाईचा इतिहास कोणाला हवा असतो? नवऱ्या मुलाला."

आर्नीने त्याची बाही धरेपर्यंत तो बाकापाशी पोचलासुद्धा होता. तुमचा हार्लन तुमच्या पाठीमागे कोर्टातून कागद काढतोय, असं त्याने बाईंना सांगून टाकलं.

डोलोरेसबाई रागावल्या नाहीत. "हार्लन?" त्या म्हणाल्या. "तो वाढदिवसाचा केक लपवतो, तोसुद्धा मला सांगून."

वेंडेल संशयितावर नजर ठेवायला जिना चढून गेला. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. आर्नीला मेव्हण्याची इतकी लाज वाटली की तो बाईंच्या शेजारी नुसताच बसून राहिला. थोड्या वेळाने त्यांनी पर्स उघडली आणि तीन लांबट पाकिटं त्याच्या मांडीवर ठेवली. तिन्ही बंद. तिन्हींवर बाईंचाच पत्ता, बाईंच्याच अक्षरात.

"कोणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "कोर्टाला पाठवायचं पाकीट, आणि त्यावर मी माझाच पत्ता लिहिला. तीनदा, आर्नी. दर वेळी माझंच पत्र माझ्याच घरी परत आलं. उघडून काय बघायचं?"

आर्नीने पाकिटं उलटून पाहिली.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी तिच्या डोक्यातून पत्ते गेले. मग आम्ही गेलो." त्यांनी पर्सचा खटका लावला. "हार्लनने पहिल्या बायकोचं अंथरुणातलं सगळं नऊ वर्षं केलं. तेच पुन्हा मी त्याला करायला लावणार नाही. वेंडेलला म्हटलं शोध, कारण वाटलं, दुसऱ्या कोणाची तरी चूक निघेल."

आर्नी पाकिटं घेऊन उठला आणि जे वेंडेलने दुपारभर करू दिलं नव्हतं ते त्याने केलं. तो खिडकीवर गेला आणि विचारलं.

लाव्हॉनबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "ही अजून उघडली नाहीत? लाल पक्ष्याची तिकिटं, चांगली आठवतात मला. ही तिन्ही मीच पाठवलीत."

"पण अक्षर तर त्यांचं आहे."

"असणारच. टपालाने नक्कल हवी असेल तर अर्जासोबत स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून परतीचं पाकीट जोडायचं असतं. बाईंनी जोडलं, मी त्यात नक्कल घालून पाठवली. पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज, पुन्हा पाकीट. मला वाटलं, घटस्फोट फारच आवडलेला दिसतोय."

डोलोरेसबाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या ते आर्नीला कळलं नव्हतं.

"म्हणजे कोर्टाचा पत्ता मी बरोबर लिहिला होता?"

"बरोबर होता म्हणून तर आम्हाला मिळाला. तिन्ही वेळा."

"पण आत पाकीट घातलेलं मी विसरले."

"ते सगळेच विसरतात," लाव्हॉनबाई म्हणाल्या. "आठवड्याला दोन फोन येतात, माझंच पत्र परत आलं म्हणून. गेल्या महिन्यात एक वकील होता, पस्तिशीचा."

डोलोरेसबाईंनी खिडकीची कड धरली. त्या हसत होत्या की रडत होत्या ते सांगणं कठीण होतं, पण खांदे हलत होते आणि लाव्हॉनबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला तो रिकामाच व्हायला आला. मग डोलोरेसबाईंनी एक पाकीट फाडलं. कोर्टाचा कागदावर उठून आलेला शिक्का त्यांनी बोटाने दोनदा चाचपून पाहिला.

वरच्या मजल्यावर हार्लन सूट घालून बसला होता, मांडीवर ताज्या चीजच्या गोळ्यांची पिशवी. राज्याच्या झेंड्याआड वेंडेल दबा धरून उभा होता आणि त्याच्याही हातात दोन गोळे होते. ते दाताखाली चुईंचुईं वाजत असल्याने पाळत फारशी गुप्त राहिली नव्हती.

"मिळाला?" हार्लनने उठत विचारलं.

"तीन मिळाले," डोलोरेसबाई म्हणाल्या आणि तिन्ही खिडकीत ठेवले. खिडकीतल्या बाईने एकच पुरे म्हणून सांगितलं. साडेचारला अजून सहा मिनिटं होती.

परतताना आर्नीने वेंडेलला पाकिटांचं सगळं सांगितलं. वेंडेल 'मला माहीत होतं' म्हणाला नाही. तो चाळीस मैल गप्प बसला. शुक्रवारपर्यंत गप्पच राहिला, तेव्हा बहिणीने त्याला ताप आहे का ते पाहिलं.

शनिवारी चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. हॅमचे सँडविच संपत आले असताना वेंडेल नवरीच्या टेबलापाशी आला आणि कोटाच्या आतून एक पिवळं पडलेलं, अजून बंदच असलेलं पाकीट काढलं. चार वर्षं ते त्याच्या भिंतीवर टाचणीने लावलेलं होतं. खाली चिठ्ठी होती, 'अज्ञात इसम, माझ्या अक्षराची हुबेहूब नक्कल करतो, धोकादायक.'

"तुम्हाला अनुभव आहे," तो बाईंना म्हणाला. "तुम्हीच उघडा."

डोलोरेसबाईंनी केकची सुरी पुसून पाकीट उघडलं आणि पत्र वाचून दाखवलं. ते राज्याच्या परवाना कचेरीचं होतं. आपला खाजगी गुप्तहेराच्या परवान्यासाठीचा अर्ज मिळाला. त्यावर अर्जदाराचं नाव नाही. सोबतच्या परतीच्या पाकिटावरही फक्त पत्ता आहे. आपण कोण, ते कृपया कळवावं, म्हणजे पुढील कार्यवाही करता येईल.

आर्नी सँडविचकडे बघत राहिला.

"पाकीट मात्र तुम्ही बरोबर घातलं होतं," डोलोरेसबाई वेंडेलचा हात थोपटत म्हणाल्या.

वेंडेलने पत्र घेतलं, दोनदा वाचलं आणि नीट घडी करून खिशात ठेवलं. हळूहळू त्याची मान ताठ झाली.

"बघितलंस, आर्नी?" तो केकचा तुकडा ओढून घेत म्हणाला. "चार वर्षं झाली. अख्ख्या राज्य सरकारला अजून मी कोण ते कळलेलं नाही."