धारप सरांचा तराजू

धारप सरांच्या जानव्याला एक चावी बांधलेली असे. घराची नव्हे, ती त्यांच्या बायकोकडे असे. ही चावी प्रयोगशाळेतल्या तराजूच्या काचपेटीची.

आमचं कॉलेज नवं, समुद्राकाठचं. रसायनशास्त्र शिकवायला धारप सर, हाताखाली मी. मुंबईहून लाँचने तराजू आला तेव्हा रेवसपासून बैलगाडीत सर तो खोका मांडीवर घेऊन बसले होते. पोटच्या मुलालाही एवढं सुख मिळालं नसावं.

तराजूला हात फक्त सर लावत. भोवती वीस मुलं उभी. "श्वास बाजूला सोडा आणि आकडा लिहून घ्या," सर म्हणत. "खाऱ्या हवेशी झगडतोय तो. त्यात तुमचे हात नकोत."

मी एकदा विचारलं, "मग शिकायचं कसं?"

"बघून. पोहायला काय पाण्यात पडावं लागतं?" म्हणाले, आणि पेटीला कुलूप लावलं.

मुरुडकडची झुबेदा वर्गात पहिली. प्रात्यक्षिक परीक्षेला मुंबईच्या परीक्षकांनी नेमकं तिलाच वजन करायला सांगितलं. चिमट्यातून वजन निसटलं, पारड्यावर आदळलं, काटा जागचा सरकला. "इथे तराजू आहे की देव्हारा?" परीक्षक हसले. सर शेजारीच होते. एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. झुबेदा नापास झाली. वडिलांनी शिक्षण थांबवलं.

सुट्टीत सर मला घेऊन एसटीने तिच्या घरी गेले. वडिलांनी सरबत दिलं. "चूक माझी आहे," सर म्हणाले. "तिला पुन्हा बसू द्या."

"तुम्ही घरी आलात, मेहेरबानी. पण आता निकाह ठरलाय. जबान दिली मी."

पडद्याआडून झुबेदा म्हणाली, "सर, मला हात लावू दिला नव्हता, एवढं सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगेन."

परतीच्या एसटीत सरांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "मलाही कुणी हात लावू दिला नव्हता. इथे आल्यावर शिकलो. दार लावून, एकटा. मुलांसमोर चुकलो असतो तर?"

जूनमध्ये पहिल्याच तासाला सरांनी पेटी उघडी ठेवली आणि झुबेदाचं नाव घेऊन सगळं सांगितलं. नवी मुलं एकमेकांकडे बघत राहिली. परीक्षक तिला हसले ते ज्या मुलांनी ऐकलं होतं, त्यांतलं तिथे कुणीच नव्हतं.