गुडघ्याची परवानगी

अप्पा परबांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या तळपायांपासून. साठचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी भाईंदरला आले आणि त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला शेजारी विरजण आणायला पाठवलं. दार उघडंच होतं. आत भिंतीलगत दोन पाय हवेत उभे होते आणि खाली जमिनीशी एक टक्कल होतं.

"विरजण फडताळात, खालच्या कप्प्यात," टक्कल म्हणालं. "माझ्या खालच्या नव्हे, तुमच्या खालच्या."

मी विरजण घेऊन जी धावत सुटले ती थेट आमच्या चुलीपाशी थांबले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "वेडा आहे तो. पण दही छान लावतो."

तेव्हाचं भाईंदर म्हणजे मिठागरं, खाडी, थोड्याशा चाळी आणि बाकी सगळे डास. अप्पा परळच्या एका छापखान्यातून निवृत्त होऊन इथे एकटेच राहायला आले होते. शीर्षासनात असताना कुणी आलं तर ते उतरायचे नाहीत, पाहुण्यानंच जुळवून घ्यायचं. दूधवाला भय्या बिचारा मान वाकडी करून विचारायचा, "अप्पा, आज कितना दूं?" पुढे त्याची मान खरोखरच आखडली. मग अप्पांनीच ती सोडवली आणि त्याला कायमचा शिष्य करून टाकलं.

संध्याकाळी चाळीच्या अंगणात अप्पांचा बायकांसाठी योगासनांचा वर्ग भरे. मला वाटलं, आता आपल्यालाही उलटं टांगणार. पण पहिले कित्येक दिवस त्यांनी फक्त बसायला शिकवलं.

"सूनबाई, बसता येतं?"

"येतं की."

"बसून दाखवा."

मी बसले. अप्पांनी इतक्या दुःखी चेहऱ्यानं पाहिलं की मी लगेच उठले. वरच्या गॅलरीत सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "तिला बसायला कशाला शिकवताय, अप्पा? तेवढंच तर येतं तिला."

अप्पांच्या लेखी शरीर म्हणजे माणसांनी भरलेलं घर होतं. गुडघा म्हणजे साहेब. कुणी घाईनं मांडी घालायला गेलं की ते विचारायचे, "साहेबांची परवानगी घेतलीत?" पोट म्हणजे मालक. "मालक जेवलेत, आता त्यांना त्रास द्यायचा नाही." आणि मान म्हणजे पाहुणी. "पाहुणीला ओढून आणत नाहीत, ती आपणहून येते." दुखेल तिथे थांबायचं, शेजारणीकडे बघून वाकायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. एखादीनं चढाओढ केली की ते तिला सरळ झोपवून टाकायचे.

राई गावची हिराबाई मासे विकायला यायची. तीही एकदा टोपली उतरवून वर्गात शिरली. अप्पा म्हणाले, "कंबर काय म्हणतेय, ते ऐका आधी."

"अप्पा, माजी कंबर म्हनत काय न्हाय, नुसती बोंबलते."

अप्पांनी तिला आसन शिकवलंच नाही. टोपली कशी उचलायची ते शिकवलं. कमरेतून नाही, गुडघ्यातून वाकायचं आणि उचलताना श्वास सोडायचा. हिराबाईनं हे इतकं मनावर घेतलं की पुढे तिच्या हाळीच्या आधी तिचा उच्छ्वास ऐकू यायचा आणि चाळीतली मांजरं गोळा व्हायची.

वर्गाचा शेवट शवासनानं व्हायचा. डास इतके की आम्ही सगळ्या डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून ओळीनं पडायचो. अप्पा हात बांधून, मान खाली घालून, ओळीच्या कडेनं हळूहळू फिरायचे. अशाच एका संध्याकाळी चिपळूणहून सासूबाईंचे भाऊ आले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. खांद्यावरचा फणस त्यांनी हलकेच खाली ठेवला, टोपी काढली आणि अप्पांना विचारलं, "कशानं हो?"

"श्रमानं," अप्पा कुजबुजले. "दिवसभर राबतात बिचाऱ्या."

"सगळ्या एकदम?"

"हो. मीच सांगितलं त्यांना."

तेवढ्यात चादरीखालून हिराबाई शिंकली. मामा दचकून मागे सरले आणि थेट फणसावर बसले. त्यांचं कळवळणं ऐकून सगळ्या चादरी एकदम उठून बसल्या, तेव्हा तर मामांनी रामनामच सुरू केलं. अप्पांनी त्यांना उठवत समजावलं, "अहो, बसण्याआधी साहेबांना विचारलं नाही, तरी निदान खाली बघायचं."

सासूबाईंना दमा होता. एका पावसाळ्यात, हवा ओलसर जड झालेली असताना, संध्याकाळी त्यांचा श्वास अडकला. हे डॉक्टरांना आणायला धावले. सासूबाई खाली बसल्या होत्या, डोळे विस्फारलेले, हातानं खाटेचा पाय घट्ट धरलेला. मी शेजारी अप्पांना हाक मारली. अप्पा आले. थट्टा नाही, उपदेश नाही.

"वहिनी, मी मागे बसतो. तुम्ही काही करू नका."

ते त्यांच्या पाठीला पाठ लावून जमिनीवर बसले आणि संथ श्वास घेऊ लागले. आत, बाहेर. आत, बाहेर. थोड्या वेळानं सासूबाईंनी खाटेचा पाय सोडला. त्यांचे खांदे खाली आले. मग डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं आणि काळजी करू नका म्हणून गेले. हे त्यांना सोडायला गेले. अप्पा पुन्हा तसेच, पाठीला पाठ लावून बसले.

मी चहा दिला आणि विचारलं, "हे कुठे शिकलात, अप्पा?"

"आमच्या हिला, मालतीला दमा होता," ते म्हणाले. "तिच्यासाठीच शिकायला जायचो मी. मग संध्याकाळी दोघं असे बसायचो. ती गेल्यावर परळची खोली सोडली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "अजूनही बसतो, भिंतीला पाठ लावून. पण भिंत श्वास घेत नाही."

कप खाली ठेवून ते उठायला लागले. सासूबाईंचा श्वास एव्हाना अगदी नीट चालला होता. मागे वळून न बघताच त्या म्हणाल्या,

"बसा जरा, अप्पा. मला अजून बरं वाटत नाही."